उपग्रहाला गाळही दिसतो

वडिलांच्या भातशेतीत पहिल्यांदा लाल गाळ शिरला, तेव्हा मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. वरच्या खाणीच्या डंपाची माती पावसात ओहोळात उतरली, बांध फुटला आणि चिखल शेताच्या कुणग्यांत बसला. वाळल्यावर तो इतका घट्ट झाला की त्या वर्षी वायंगण, म्हणजे रब्बीचं भात, झालंच नाही. भरपाई मागायला गेलेल्या वडिलांना एकच प्रश्न विचारला गेला, "गाळ खाणीचाच कशावरून?" पुरावा कुठून आणणार?

आज तो पुरावा आकाशातून मिळू शकतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी एकेका जागेचं चित्र घेतात. दहा मीटरचा तुकडाही त्यांत वेगळा ओळखता येतो. नितळ पाणी तांबडा प्रकाश बराचसा शोषून घेतं, लोहमातीने गढूळ झालेलं पाणी तो परत फेकतं. शेतावर पसरलेली लाल मातीही अशीच ओळखू येते. लँडसॅटची चित्रं तर १९७२पासूनची आहेत आणि २००८पासून ती कुणालाही फुकट मिळतात.

केंद्र सरकारने २०१६ साली भारतीय खाण ब्युरोमार्फत उपग्रहावर आधारलेली देखरेख सुरू केली. खाणीच्या लीजच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत संशयास्पद बदल दिसला की अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन तपासायचं. उपक्रम चांगला आहे, पण त्याचा रोख बेकायदा उत्खननावर आहे. गाळ मात्र ५०० मीटरवर थांबत नाही. ओहोळ नेईल तिथे जातो.

उपग्रहाला सगळं दिसत नाही, हेही खरं. ऐन पावसात ढग आड येतात. पाण्यात विरघळलेले धातू कळत नाहीत; त्यासाठी नमुनेच तपासावे लागतात. पण शेताचं मे महिन्यातलं चित्र आणि पाऊस सरल्यावरचं चित्र शेजारी ठेवलं, तर गाळ कुठवर आला हे उघड होईल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये गोव्यातल्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. त्यामुळे बंद पडलेल्या खाणी आता लीजांच्या लिलावांनंतर पुन्हा सुरू होत आहेत. म्हणून हीच वेळ आहे. प्रत्येक खाणीखालच्या ओहोळांची आणि शेतांची पावसाआधीची व पावसानंतरची अशी दोन चित्रं सरकारने दरवर्षी ग्रामसभेत मांडावीत. त्यांत नवा गाळ दिसला, तर शेतकऱ्याला "कशावरून?" विचारू नये. गाळ आपला नाही, हे खाणीने सिद्ध करावं.