एवढंच? इष्टेना?

परवा रविवारी भाचा जोडीनं जेवायला आला. उद्यमबागेत त्याचं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. नेहमीची पकड आणि बाजारात मिळणारा सेन्सर जोडून त्यानं सोय केलीय, की फिरणारा जॉब सैल झाला तर मशीन आपोआप थांबतं. “मामा, पेटंट घेतोय. खर्चासाठी हिच्या पाटल्या गहाण ठेवायच्या म्हणतो.”

भाचेसून धारवाडची. ती शांतपणे म्हणाली, “इष्टेना?”

भाचा चिडला. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या मला मात्र मिर्झापूरचा खटला आठवला. लेथवर फिरताना भांडं उडून जाई. म्हणून एका कारखान्यानं ते दुसऱ्या बाजूनंही दाबून धरायची सोय केली आणि १९५१ साली पेटंट घेतलं. गावातल्याच दुसऱ्या कारखान्याशी वाद झाला. एका न्यायाधीशानं पेटंट रद्द केलं, अपिलात ते वाचलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात अखेर गेलं. टेलस्टॉकनं दाबून धरणं कारागिरांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक गोष्टी नुसत्या जोडणं म्हणजे शोध नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

“म्हणजे माझं संपलंच!” भाचा म्हणाला.

तसंही नाही. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडं सोपंच वाटतं. अमेरिकेत मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडण्याचा असाच वाद झाला. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते पेटंट फेटाळलं. जोडण्याचं कारण जुन्या कागदात लिहिलेलंच सापडायला हवं असं नाही, बाजाराची गरज किंवा जाणकाराची साधी अक्कलही पुरते, असं ते म्हणालं. पण या दोन गोष्टी कुणी का जोडल्या असत्या, हे नीट दाखवावं लागतं. मागाहून सुचलेलं शहाणपण चालत नाही.

“मग तूच सांग,” मी विचारलं, “इतकं सोपं होतं, तर आधी कुणी का नाही केलं?”

तो जरा थांबला. मग बोलू लागला. सेन्सर सरळ बसवला, तर मशीनच्या थरथरीनं ते उगाचच थांबायचं. चार महिने सगळं फसलं. शेवटी त्यानं सेन्सर सगळे बसवतात त्याच्या उलट बाजूला बसवला, तेव्हा कुठं जमलं.

“हे आधी का नाही सांगितलं?” भाचेसून म्हणाली.

पाटल्या अजून कपाटातच आहेत. आधी वही निघालीय. फसलेले चार महिने तारीखवार लिहायचं काम तिनंच घेतलंय.