पावसाची अखंड वही



वैनगंगेच्या खोऱ्यातील आपल्या धानशेतीचा सारा हिशेब पावसावर चालतो. आणि पाऊस तर गावागणिक बदलतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला; त्याच शहरात कुलाब्यास तो ७५ मिलिमीटरच्या आतच राहिला. दूरच्या केंद्राचा आकडा आपल्या बांधावरचा पाऊस सांगू शकत नाही, याला याहून ढळढळीत दाखला कोणता हवा? यास्तव एखाद्या कुटुंबाने अंगणात स्वतःचे लहान हवामान केंद्र बसवले, तर ते स्तुत्यच होय.

परंतु मोजणे निराळे आणि नोंद ठेवणे निराळे. अंगणातील पर्जन्यमापक आपले आकडे रेडिओलहरींनी घरात धाडतो. तेथे गेटवे नावाची छोटी पेटी ते झेलून वाय-फायवरून पुढे देते. मोबाइलवर आकडे दिसू लागले की काम संपले असे वाटते. वास्तविक असा साधा गेटवे केवळ निरोप्या असतो. त्याच्याजवळ वही नसते. वही कंपनीच्या दूरस्थ यंत्रावर राहते. ती घरात हवी असेल, तर लहानशा संगणकावर नोंदणीचे सॉफ्टवेअर चालवावे. वीडब्ल्यूएक्स हे असे एक विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. इकोविट कंपनीच्या गेटवेकडून आकडे घेण्यासाठी त्याला एक पूरक भाग जोडावा लागतो. मग गेटवेच्या मांडणीत आपल्या संगणकाचा पत्ता, पोर्ट व किती सेकंदांनी आकडे पाठवायचे ते भरावे.

येथे तीन गोष्टींची दक्षता घ्यावी. पहिली, वीज जाऊन आली की राउटर संगणकास नवा पत्ता देण्याचा संभव असतो. गेटवे मात्र जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत राहतो आणि नोंद गाजावाजा न होता थांबते. म्हणून तो पत्ता राउटरमध्ये कायम राखून ठेवावा, आणि संगणक सुरू होताच सॉफ्टवेअर आपोआप चालू होईल अशी व्यवस्था करावी. दुसरी, हा गेटवे पाऊस इंचांत व तापमान फॅरनहाइटमध्ये धाडतो. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा सॉफ्टवेअर मिलिमीटर व सेल्सिअस दाखवील असे ठरवून घ्यावे. तिसरी, भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी ८.३० पासून दुसऱ्या दिवशीच्या ८.३० पर्यंत धरतो, सॉफ्टवेअर मध्यरात्रीपासून. रात्रीची सर त्यामुळे दोन निराळ्या तारखांवर पडते. हे ध्यानी न घेता सरकारी आकड्यास खोटे ठरवू नये.

महिन्याकाठी या नोंदीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. दहा पावसाळ्यांची वही हाती असली, म्हणजे पऱ्हे केव्हा टाकावे आणि रोवणी किती थांबवता येईल, याचा विचार मुलाबाळांना आठवणीवर विसंबून करावा लागणार नाही.

मात्र या वहीत प्रामाणिकपणा हवा. यंत्र बंद पडले त्या दिवशी ० लिहू नये. जागा कोरी सोडावी. शून्याचा अर्थ पाऊस पडला नाही असा होतो. कोऱ्या जागेचा अर्थ आम्ही मोजला नाही, एवढाच. अंदाजाने भरलेला आकडा आज कोणास कळणार नाही, परंतु दहा वर्षांनी त्यावर विसंबून बियाणे पेरणारा आपलाच मुलगा असेल.