विज्ञानाचा अंक आपली मुले कधी काढणार?

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीचे विद्यार्थी ‘बॉम्बे टेक्नॉलॉजिस्ट’ हे विज्ञानविषयक नियतकालिक चालवीत आले आहेत. ही केवळ हौस नव्हे. जो अंक काढतो, तोच कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवतो. पण तो अंक इंग्रजीत. मोडनिंबला विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीच्या हाती तो कसा पडणार? आणि पडलाच, तर तिच्या वस्तीचे प्रश्न त्यात कोण मांडणार?

एकच उदाहरण घ्या. गटारात साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून सफाई कामगार खाली उतरतो आणि वर येते ते त्याचे प्रेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई सांगितली, ती २०२३ साली ३० लाख केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. पाठ्यपुस्तक या वायूचे सूत्र शिकवते. तो बहुतेक वेळा कोणत्या जातींच्या माणसांना मारतो, हे सांगत नाही. ते आपल्याच मुलांनी लिहायला हवे.

उजनी धरण आपल्या माढा तालुक्यातच आहे. त्याचे पाणी उसाला किती आणि दलित वस्तीच्या नळाला किती, हे मोजणे हेही विज्ञानच. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाणी आणि वीज यांच्या राष्ट्रीय धोरणाचा पाया घातला, हे आपण जयंतीला सांगतो आणि तिथेच थांबतो.

हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाला कार्ल सेगनप्रमाणे विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी व्यवस्थेने त्याचा बळी घेतला. देशाने वाचले ते त्याचे शेवटचे पत्र. त्याचे विज्ञानलेखन वाचायचे राहूनच गेले.

वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तपासल्याशिवाय काही मानू नका, हे तथागतांनी कालामांना त्याच्याही कितीतरी आधी सांगितले. सुरुवातीला छापखाना लागत नाही. विहाराच्या भिंतीवर महिन्याला एक भित्तिपत्रक पुरे. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला, तर वर्षभराचा कागद येईल. मोडनिंबच्या तरुणांनी ही सुरुवात करावी. संपादक मात्र विद्यार्थीच असावेत. पुढाऱ्यांनी फक्त वाचावे.