तलवार हाती येण्यापूर्वी

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पत्र्याची तलवार उगारून उभा राहिलेला चिमुकला शिवबा पाहिला की कोणाचाही ऊर भरून येतो. माझाही येतो. परंतु त्याच घरातील मुलगी आठवीत गेल्यावर ‘मला तलवारबाजी शिकायची आहे’ असे म्हणते, तेव्हा हा उत्साह कोठे जातो, हे मी गेल्या वर्षी जवळून पाहिले. हट्ट माझ्या पुतणीचा. वहिनींना इजेची काळजी. बंधूंनी मात्र तत्त्वाचाच प्रश्न उभा केला. जन्मभर शाखेत दंड शिकविलेला हा स्वयंसेवक. “हा युरोपियनांचा खेळ. आपला दांडपट्टा काय वाईट आहे?”

दांडपट्टा वाईट कसा असेल? 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून गौरविले, ते योग्यच झाले. कोल्हापूरच्या आखाड्यांनी मर्दानी खेळ जिवंत ठेवला, त्यांचे ऋण मोठे आहे. जेथे असा वस्ताद असेल तेथे मुलांना अवश्य धाडावे. पण आमच्या गावात तो नाही, तलवारबाजीचा वर्ग मात्र आहे. अशा वेळी दांडपट्ट्याचे नाव पुढे करून तलवारबाजी नाकारायची, म्हणजे मुलीच्या हाती काहीच येऊ द्यायचे नाही. शिवाय दांडपट्ट्याचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी तो कधी हाती धरला आहे? मी तरी धरलेला नाही.

पुतणीला आणावयास मी त्या वर्गात जाऊ लागलो. पहिले कित्येक दिवस तलवार दिसलीच नाही. गुडघे वाकवून, पुढचे पाऊल समोर व मागचे आडवे ठेवून उभे राहावयाचे आणि त्याच स्थितीत पुढे-मागे सरकायचे, बस्स. या पवित्र्याला ‘ऑन गार्ड’ म्हणतात. आपल्या ‘दक्ष’चा हा दूरचा भाऊबंदच. शिक्षकांनी मलाही उभे केले. दोन मिनिटांत मांड्या थरथरू लागल्या आणि शौर्यावर लिहिलेले माझे सारे अग्रलेख आठवले!

पुढे शस्त्र येते. फॉईलचा वार टोकाने आणि केवळ धडावर. एपीचा टोकानेच, पण सर्वांगावर. सेबरचा टोकाने वा पात्याने, कमरेच्या वर. फॉईल व सेबरमध्ये समोरच्याची चाल आधी सुरू झाली असेल, तर प्रथम ती अडवावी लागते, मगच प्रतिवार. नुसते अंगावर धावून जाणाऱ्याचे तेथे काही चालत नाही. मुखवटा, जाड अंगरखा, हातमोजा यांमुळे वहिनींची काळजी महिन्याभरात मिटली. मला विशेष भावली ती नवशिक्यांची एक रीत. सरावात वार लागल्याची खूण देणारे विद्युत्-यंत्र नसते. ज्याला लागले त्यानेच हात वर करून ‘लागले’ म्हणावयाचे.

चेन्नईच्या भवानी देवीने प्रारंभीचा सराव बांबूच्या काठ्यांनी केला. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. 2021 मध्ये टोकियोत तिने पहिली लढत 15-3 अशी जिंकली, दुसरी 7-15 अशी गमावली. 2023 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. काठीने प्रारंभ करणे आपल्या स्वयंसेवकांना काही नवे नाही.

साहित्य महाग आहे, हे खरे. पण नवशिक्याला स्वतःचे बूट पुरेत. मुखवटे-अंगरखे वर्गात सामाईक वापरता येतात. स्पर्धेची पट्टी चौदा मीटर लांब आणि दोन मीटरहून अधिक रुंद नसते. आपल्या शिक्षणसंस्थांची सभागृहे सायंकाळी कुलूपबंद असतात. एखाद्या संस्थेने दोन पट्ट्या आखून प्रशिक्षकाला आठवड्यातून तीन दिवस बोलावले, तर किती मुले येतील! एवढे करताना एक पथ्य पाळावे : दहावीचे वर्ष आले म्हणून मुलींची नावे आधी काढू नयेत. पुतणीच्या तुकडीतील तीन मुली अशाच गेल्या.

बंधू अद्याप राजी नाहीत. मात्र परवा अंगणात ते पुतणीला ओरडून सांगत होते, “मागचा पाय उचलू नकोस, तोल जातोय!”