ऐकण्याचा दुष्काळ

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आज बोलण्याचा सुकाळ आणि ऐकण्याचा दुष्काळ आहे, असे म्हटले तर कित्येकांना ते झोंबेल. झोंबू द्या! उपदेशकाला व्यासपीठ आहे, ध्वनिवर्धक आहे. प्रार्थना करणाऱ्यापाशी मागण्यांची लांबलचक यादी आहे. यादी संपली की ‘आमेन’ म्हणायचे आणि उठायचे! देवालाही काही सांगायचे असेल, ही शंकासुद्धा कुणाला शिवत नाही. कचेरीत अर्ज टाकून चालते होणे आणि ही प्रार्थना, यांत फरक तो काय?

बाल शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. रात्री हाक आली. पोर तीनदा उठून वृद्ध एली याजकाकडे धावले. चौथ्या हाकेला, एलीने शिकविल्याप्रमाणे, आपण ऐकत असल्याचे त्याने देवाला सांगितले. इथे आपण गोष्ट संपवितो. पण खरी गोष्ट तर पुढेच आहे! शमुवेलाच्या कानी आले ते एलीच्याच घराण्याच्या नाशाचे वचन. सकाळी ते सांगायला पोर भ्याले. तेव्हा त्या म्हाताऱ्यानेच, काही लपवू नकोस, असे त्याला बजावले आणि आपल्याविरुद्धचा निकाल त्याच्या तोंडून मुकाट्याने ऐकून घेतला. एलीचे अपराध थोडे नव्हते. स्वतःच्या मुलांना त्याने आवरले नाही. पण त्या सकाळचा त्याचा कान आमच्यापैकी कितीजणांपाशी आहे? आज कालचे एखादे पोर उठून मंडळीच्या वडिलांना असे काही सांगू लागले, तर त्याला बसविण्यासाठी दहा हात पुढे होतील!

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांना नाझींनी १९४५ साली फासावर दिले. ख्रिस्ती सहजीवनावरील त्यांच्या १९३९ च्या पुस्तकात एक कठोर इशारा आहे: ज्याला भावाचे ऐकवत नाही, त्याला पुढे देवाचेही ऐकू येईनासे होते. शेजाऱ्यासाठी बंद केलेला कान प्रभूसाठी उघडा राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘सगळेच ऐकत बसले, तर सत्य सांगायचे कुणी?’ त्यांनी अम्माऊसची वाट आठवावी. पुनरुत्थित प्रभू दोघा खिन्न शिष्यांना भेटला. त्याला सारे ठाऊक होते. तरी त्याने आधी विचारले, त्यांची कहाणी शेवटपर्यंत ऐकली आणि मगच त्यांची चांगली कानउघाडणी केली. ऐकणे म्हणजे मिंधेपणा नव्हे; सत्य बोलण्याचा अधिकार ऐकूनच मिळतो.

म्हणून वचने किती पाठ झाली, यावरून आपली आध्यात्मिक वाढ मोजू नये. घरात ज्याचे कुणीच ऐकत नाही, त्याचे बोलणे मध्ये न तोडता आपण ऐकले का, एवढे पाहावे. वाचक ख्रिस्ती असो वा नसो, दिवाळीत चार माणसे घरी जमतातच. फराळाची ताटे पुढे करताना एखाद्याचे बोलणेही पुरते होऊ द्यावे. ते आपल्याविरुद्ध असले, तर जरा अधिकच!