परटाची यादी

“मामा, गोष्ट सांगा ना! प्रेमाची हवी, गोड हवी. पण शेवटपर्यंत जिवाला धाकधूक पाहिजे.” आकाशकंदिलाला शेपट्या चिकटवता चिकटवता भाचीने फर्मान काढले. मी मराठीचा मास्तर. पण अशी फर्माईश झाली की मला हटकून आठवते ती जेन ऑस्टिन या इंग्रज बाईंची ‘नॉर्दँगर ॲबी’.

या कादंबरीचे नशीबच विचित्र. १८०३ साली एका प्रकाशकाने ती दहा पौंडांना घेतली आणि तशीच ठेवून दिली. १८१६ साली तेवढेच पैसे मोजून ती परत मिळवावी लागली. छापून आली १८१७च्या अखेरीस. आणि बाई त्याच वर्षी जुलैत वारल्या होत्या, अवघ्या ४१ वर्षांच्या असताना. तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळे युवराज राज्य चालवीत होता, तो हा १८११ ते १८२०चा रीजन्सीचा काळ.

नायिका कॅथरीन मोरलंड सतरा वर्षांची, पाद्र्याच्या दहा मुलांपैकी एक. रूप बेताचे, पैसा बेताचा. भयकथांचा नाद मात्र भरपूर. शेजारचे ॲलन दांपत्य तिला बाथ या गरम झऱ्यांच्या गावी नेते. तिथे नाचाच्या मजलिशीत हेन्री टिल्नी भेटतो. मोठा थट्टेखोर, पण मनाचा निर्मळ. त्याचे वडील जनरल टिल्नी या पोरीचे इतके आगतस्वागत करतात की तीच अवघडून जाते. शेवटी ते तिला आपल्या घरी राहायलाच बोलावतात. घर कसले, जुना मठच तो!

रात्री वादळ. खोलीत काळे कपाट, कपाटात कागदांची गुंडाळी. काजळी काढायला जावे तो मेणबत्तीच विझते! बिचारी रात्रभर पांघरुणात थरथरत पडते. सकाळी गुंडाळी उलगडून पाहते तो काय? परटाची यादी! सदरे, मोजे, गळपट्टे...

तरी खोड जात नाही. जनरलसाहेबांची पत्नी वारलेली. यांनीच तर तिचा घात केला नसेल? कॅथरीन चोरून त्या बाईंच्या खोलीत जाते. खोली स्वच्छ, लख्ख उजेडाची. आणि बाहेर पडते तो समोर हेन्री! त्याचे चार समजुतीचे शब्दच तिला इतके लागतात की ती रडत पळून जाते.

आता रहस्य संपले असे वाटते. पण खरा घाव पुढेच आहे. बाहेरगावी गेलेले जनरल अवचित परततात आणि हेन्री घरी नसताना कॅथरीनला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घराबाहेर काढतात. सोबतीला माणूस नाही. हेन्रीच्या बहिणीने हातावर पैसे ठेवले, म्हणून सत्तर मैलांचा प्रवास तरी निभावला. अपराध काय? ही ॲलन यांची वारस, मोठी धनवान, असे एका बढाईखोर तरुणाने जनरलच्या कानात भरले होते. पुढे त्यानेच सांगितले, ही तर कफल्लक! दोन्ही वेळा खोटे. पण आधीचे अगत्य ज्या आकड्यावर उभे होते, तो आकडाच पुसला गेला.

“म्हणजे खून नाहीच?” भाची हिरमुसली.

“नाही. पुढे हेन्री बापाचे न ऐकता तिच्या घरी जातो आणि मागणी घालतो. तिचे आईबाप म्हणतात, तुमच्या वडिलांचा होकार आणा. इकडे बहिणीला मोठा सरदार नवरा मिळतो, म्हातारा खूष होतो आणि ती भावासाठी होकार मिळवते. परटाची ती यादी त्याच जावयाच्या नोकराने विसरून ठेवलेली होती!”

भाची खळखळून हसली. मला मात्र पूर्वीसारखे हसू येईना. मी विशीत असताना थोरल्या भावासाठी एक मुलगी पाहिली होती. ती सर्वांना आवडली होती. भावाला तर फारच. मग कुणीसे सांगितले की तिच्या वडिलांचे राहते घर भाड्याचे आहे. आमच्याकडून पोस्टकार्ड गेले, ‘पत्रिका जमत नाही.’ माझे अक्षर चांगले, म्हणून ते मी लिहिले.

आमच्या घरी ना मठ होता, ना काळे कपाट. वडील सज्जन म्हणून आळीत नावाजलेले. पण त्या पोस्टकार्डाची आठवण झाली की जनरल टिल्नी मला इंग्रज वाटत नाहीत.

हे सारे मी भाचीला सांगितले. ती डिंकाचा ब्रश तसाच हातात धरून बसली. मग म्हणाली, “आणि मोठे मामा? ते गेले का हेन्रीसारखे तिच्याकडे?”

“नाही गं,” मी म्हटले. “आणि जा म्हणून मीही सांगितले नाही.”