अंग बाहेर येणं आणि तोंड बंद ठेवणं

मंडळी, आजचा विषय वाचताना काहींना अवघडल्यासारखं होईल. पण सत्तरी ओलांडल्यावर लाजेचं ओझं थोडं खाली ठेवता येतं!

आमच्या शिवथरच्या खोऱ्यात बायका 'अंग बाहेर येतं' एवढंच म्हणतात, तेही कुजबुजत. म्हणजे गर्भाशय खाली उतरणं. चार-पाच बाळंतपणं, त्यानंतर लगेच भातलावणी, डोईवर मोळ्या आणि हंडे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ... ओटीपोटाचा आधार सैल पडणार नाही तर काय? तरी बाई गप्प.

ही चुप्पी नवी नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के जणींना कसला ना कसला स्त्रीरोग होता, पण पूर्वी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्के जणींची!

आपल्याकडे दोनच वाटा सांगतात: सोसा, नाहीतर पिशवी काढा. मला हे पटत नाही. थोडंच उतरलं असेल आणि त्रास नसेल, तर काही न करताही चालतं. लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळण्याचा व्यायाम नीट शिकून रोज केला तर फरक पडतो. जास्त उतरलं असेल तर डॉक्टर मापाची रिंग आत बसवतात. ती मात्र ठरावीक दिवसांनी काढून धुवावी लागते. आणि ऑपरेशन म्हणजे पिशवी काढणंच असं नाही. गर्भाशय राखून ते वर बांधायच्या पद्धती मुंबईच्या डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांनी गेल्या शतकातच रूढ केल्या.

"या वयात कशाला ऑपरेशन?" हे तर नेहमीचंच. अहो, नुसत्या वयावर ते ठरत नाही. त्रास किती, मूल हवंय का, साखर, रक्तदाब, हृदय भूल सोसेल का, हे बघून ठरतं. नाही सोसलं तर रिंग आहेच. ऑपरेशननंतरही पुन्हा उतरू शकतं, हेही आधी विचारून घ्यावं. लघवी अडली किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र दिवस काढू नयेत.

लेकी-सुनांनो, आईला, सासूबाईंना एकदा बाजूला बसवून विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. आणि मुलांनो, महाडला न्यायला गाडी तुम्हीच काढायची आहे.

तुमचा अनुभव जरूर कळवा.